चौदा महिने आणि चार दिवस

ऑक्टोबर 1996 मध्ये बेल्जियमच्या लिएज शहरात अग्निशमन दलाचे जवान बंब घेऊन न्यायालयाच्या इमारतीसमोर आले. आग कुठेच लागलेली नव्हती. त्यांनी नळ्या जोडल्या आणि न्यायालयाच्या भिंतींवर पाण्याचे फवारे सोडले. ही इमारत आतबाहेर धुऊन काढायची वेळ आली आहे, हे त्यांना बोलून दाखवावं लागलं नाही. त्याच आठवड्यात ब्रसेल्समधल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यातले कामगार काम टाकून बाहेर पडले, ठिकठिकाणी वाहतूक ठप्प झाली आणि शाळा-कॉलेजांतली मुलं रस्त्यावर उतरली. पगारवाढीची मागणी नव्हती की सरकार पाडायचं नव्हतं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका तपासी न्यायाधीशाला एका प्रकरणातून बाजूला केलं होतं, एवढंच निमित्त. गंमत म्हणजे कायद्याच्या काटेकोर नजरेने तो निकाल चुकीचाही नव्हता.

मग एवढा राग कशाचा? तो एका निकालाचा नव्हताच. सव्वा वर्ष साचलेला होता.

24 जून 1995 रोजी लिएजजवळच्या एका गावातून आठ वर्षांच्या दोन मैत्रिणी बेपत्ता झाल्या. महामार्गावरच्या पुलावर उभं राहून खालून जाणाऱ्या गाड्यांना हात करायला त्या गेल्या होत्या. दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, समुद्रकिनाऱ्यावरच्या ओस्टेंड भागातून 17 आणि 19 वर्षांच्या दोघी नाहीशा झाल्या. मे 1996 मध्ये शाळेत सायकलवरून निघालेली बारा वर्षांची एक मुलगी बेपत्ता झाली. पालकांनी देशभर भित्तिपत्रकं लावली. दुकानांच्या काचांवर, बसथांब्यांवर, पेट्रोलपंपांवर त्या मुलींचे चेहरे दिसत होते. तपास मात्र कुठवर आला, हे विचारायची सोय पालकांना नव्हती. बेल्जियमच्या तेव्हाच्या पद्धतीत तपास गुप्त असे आणि मुलीच्या आईवडिलांनाही फाइल पाहण्याचा हक्क नसे. ज्यांचं मूल गेलं, त्यांनाच सगळ्यात कमी माहिती, असा तो उफराटा प्रकार होता.

आता दुसरी बाजू. या मुलींना पळवणारा मार्क द्युत्रू हा माणूस पोलिसांना अनोळखी नव्हता. मुलींचं अपहरण आणि बलात्कार या गुन्ह्यांबद्दल त्याला 1989 मध्ये साडेतेरा वर्षांची शिक्षा झाली होती आणि 1992 च्या एप्रिलमध्ये तो मुदतीआधीच सुटलाही होता. शार्लरुआ शहराच्या परिसरात त्याची एकाहून अधिक घरं होती. एका खबऱ्याने 1993 मध्येच पोलिसांना सांगितलं होतं की हा माणूस मुलींना डांबून ठेवण्यासाठी तळघरं तयार करतो आहे, मुली पळवून आणून देणाऱ्याला पैसेही देऊ करतो आहे. खुद्द द्युत्रूच्या आईने अधिकाऱ्यांना पत्र लिहून इशारा दिला होता. म्हणजे नाव होतं, पत्ता होता, गुन्ह्याची पद्धत ठाऊक होती. गुप्तहेरकथेच्या लेखकाने एवढे पुरावे पहिल्याच प्रकरणात मांडले असते, तर वाचकांनी पुस्तक मिटून ठेवलं असतं.

ही माहिती कुठे होती? एका पोलीस दलाच्या कपाटात. बेल्जियममध्ये त्या वेळी तीन वेगवेगळी पोलीस दलं होती. एक जांदार्मरी, म्हणजे लष्करी वळणाचं राष्ट्रीय दल. दुसरे सरकारी वकिलांच्या हाताखाली काम करणारे न्यायिक पोलीस. तिसरे नगरपालिकांचे पोलीस. तिघांमध्ये इतकी चुरस होती की वर्तमानपत्रं त्याला सरळ पोलिसांचं युद्ध म्हणत. आठ वर्षांच्या मुलींच्या अपहरणाचा तपास लिएजच्या न्यायाधीशांकडे होता. द्युत्रूवरचा संशय शार्लरुआच्या जांदार्मरीकडे. जांदार्मरीने 1995 मध्ये ‘ऑथेल्लो’ या नावाने त्याच्यावर गुपचूप पाळत सुरू केली; पण ज्यांच्याकडे तपासाची कायदेशीर सूत्रं होती, त्या न्यायाधीशांना त्याचा पुरता पत्ता लागू दिला नाही. आरोपी आपणच पकडून दाखवायचा, शेजारच्या दलाला श्रेय मिळू द्यायचं नाही, ही ईर्ष्या त्यामागे होती. आपल्याकडच्या हद्दीच्या वादांशी ज्यांचा कधी संबंध आला आहे, त्यांना हे समजायला फार वेळ लागणार नाही.

डिसेंबर 1995 मध्ये एका वेगळ्याच गुन्ह्यात द्युत्रूला अटक झाली. मार्सिनेल इथल्या त्याच्या घराची 13 आणि 19 डिसेंबरला दोनदा झडती झाली. झडतीचं वॉरंट होतं चोरीच्या तपासाचं. सोबत कुलूप उघडणारा कारागीर होता. पथक तळघरात उतरलं तेव्हा लहान मुलांचे आवाज ऐकू आले. कारागिराला ते घरातूनच येत असल्यासारखे वाटले. पथकाचे प्रमुख रने मिशो यांनी सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं, कानोसा घेतला आणि आवाज बाहेरच्या रस्त्यावरून येत आहेत असा निष्कर्ष काढला. लिएजजवळच्या त्या दोन्ही मुली तेव्हा त्याच तळघरात, एका जड फळीमागे दडवलेल्या कोंदट खोलीत होत्या. घरातून जप्त केलेल्या व्हिडिओ कॅसेटही नीट पाहिल्या गेल्या नाहीत.

द्युत्रू मार्च 1996 मध्ये तुरुंगातून सुटला. दोन्ही मुली उपासमारीने मेल्या, असं पुढे निष्पन्न झालं.

मिशो यांना एकट्याला खलनायक ठरवणं सोपं होतं आणि पुढे पुष्कळांनी ते केलंही. पण एक क्षण त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर वेगळीच गोष्ट दिसते. हातातला कागद चोरीचा. बेपत्ता मुलींची मूळ फाइल दुसऱ्या शहरात, दुसऱ्या यंत्रणेकडे. माणसाला जे शोधायला पाठवलेलं नसतं, ते समोर येऊनही त्याच्या नजरेत भरत नाही. सबंध माहिती हाती असलेला अधिकारी मुलांचा आवाज ऐकल्यावर त्या घराची वीट न वीट उकरून काढल्याशिवाय बाहेर पडला नसता. तरीही त्यांच्यावरचा ठपका पुसला जात नाही, कारण पाळतीची कल्पना असलेल्या दलातलेच ते अधिकारी होते.

या चौदा महिन्यांच्या शेजारी पुढचे चार दिवस ठेवले की बेल्जियमची जनता का पेटली ते कळतं. 9 ऑगस्ट 1996 रोजी बर्त्री या लहानशा गावातून चौदा वर्षांची एक मुलगी पोहण्याच्या तलावावरून घरी परतताना बेपत्ता झाली. हे प्रकरण नफशातो इथले तपासी न्यायाधीश जाँ-मार्क कोनरोत आणि सरकारी वकील मिशेल बुर्ले यांच्याकडे आलं. त्यांनी कसलीही जादू केली नाही. गावातल्या लोकांना त्या दिवशी काय काय दिसलं, ते विचारलं. आवाज करणारी एक पांढरी व्हॅन काहींनी पाहिली होती. गाड्यांचं वेड असलेल्या एका विद्यार्थ्याला तिच्या नंबर प्लेटची सुरुवातीची अक्षरं आठवत होती. नोंदणीचे कागद तपासले, नाव निघालं, 13 ऑगस्टला द्युत्रू आणि त्याचे साथीदार ताब्यात आले. 15 ऑगस्टला त्याने स्वतः तळघराची जागा दाखवली आणि दोन मुली जिवंत बाहेर आल्या. एक त्या आठवड्यात पळवलेली, दुसरी सायकलवरून निघालेली ती बारा वर्षांची. तिने तळघरात ऐंशी दिवस काढले होते. दोनच दिवसांनी पहिल्या दोघींचे मृतदेह सापडले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला ओस्टेंडहून गेलेल्या दोघींचे.

कोनरोत आणि बुर्ले यांना लोकांनी डोक्यावर घेतलं नसतं तरच नवल. 21 सप्टेंबर रोजी पीडित कुटुंबांच्या मदतीसाठी बर्त्रीत स्पॅगेटीच्या जेवणाचा कार्यक्रम झाला. कोनरोत तिथे गेले, जेवले, भेट म्हणून मिळालेलं एक पेन घेतलं. द्युत्रूच्या वकिलांना तेवढं पुरलं. तपासी न्यायाधीशाने दोन्ही बाजूंचा पुरावा गोळा करायचा असतो. तो एका पक्षाच्या पंगतीला बसला तर त्याची तटस्थता उरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. 14 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. हाच तो ‘स्पॅगेटी निकाल’. ज्यांनी वर्षभर काही केलं नाही ते आपापल्या खुर्च्यांवर, आणि ज्याने आठवड्यात मुली सोडवल्या तो एका ताटाभर जेवणापायी बाहेर. लोकांना दिसलं ते इतकंच. न्यायालयाचं चुकलं नव्हतं. पण संस्थांची पत आधीच धुळीला मिळालेली असेल, तर बरोबर निर्णयही लोकांच्या गळी उतरत नाही.

20 ऑक्टोबर 1996 च्या रविवारी ब्रसेल्समध्ये सुमारे तीन लाख माणसं जमली. देशाची लोकसंख्या तेव्हा एक कोटीच्या आसपास होती. याच प्रमाणात आज महाराष्ट्रात मोर्चा निघायचा तर मुंबईत पस्तीस लाखांहून अधिक लोक यावे लागतील. पांढरे कपडे, पांढरे फुगे, हातात पांढरी फुलं. पक्षांचे झेंडे नव्हते, घोषणाही जवळजवळ नव्हत्या. एरवी फ्लेमिश आणि फ्रेंच भाषकांच्या भांडणात दुभंगलेला हा देश त्या दिवशी एकाच रस्त्यावर चालला. पंतप्रधान जाँ-लुक देहाने यांनी कुटुंबांची भेट घेऊन न्यायव्यवस्थेत सुधारणा करण्याचं आश्वासन दिलं. त्याआधी दोनच दिवस राजा आल्बेर दुसरा याने राजवाड्यात पीडित कुटुंबं आणि तज्ज्ञ यांची बैठक बोलावली होती. बेल्जियमचा राजा असल्या प्रकरणात सहसा पडत नाही.

मार्क फेरव्हिलघेन यांच्या अध्यक्षतेखाली संसदेची चौकशी समिती बसली. तिच्या सुनावण्या दूरचित्रवाणीवर थेट दाखवल्या गेल्या आणि लोकांनी त्या एखाद्या मालिकेसारख्या पाहिल्या. पोलीस अधिकारी, न्यायाधीश, सरकारी वकील समोरासमोर येत. ‘आम्ही कळवलं होतं’ आणि ‘आम्हाला कळवलंच नाही’ या दोन वाक्यांचा सामना रोज रंगे. एप्रिल 1997 मध्ये अहवाल आला. वरिष्ठांनी गुन्हेगाराला पाठीशी घातलं असावं, असा लोकांचा पक्का समज होता. प्रत्यक्षात समोर आलं ते त्याहून रुक्ष आणि म्हणूनच जास्त अस्वस्थ करणारं होतं: दलांमधली स्पर्धा, दडवलेली माहिती, हलगर्जी, अर्धवट राहिलेले तपास. कट उघडकीस आला की दोषी सापडतो. हलगर्जीत दोष इतक्या जणांत वाटला जातो की कुणाच्याच वाट्याला पुरेसा येत नाही.

याच सुमारास जुन्या फायली पुन्हा उघडल्या गेल्या आणि त्यातली एक फाइल फार बोलकी ठरली. ब्रसेल्सच्या इक्सेल भागातून मोरोक्कन वंशाच्या कुटुंबातली नऊ वर्षांची मुलगी 1992 च्या ऑगस्टमध्ये नाहीशी झाली होती. घरच्यांचं म्हणणं तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मार्च 1997 मध्ये तिचा मृतदेह सापडला तो घरापासून हाकेच्या अंतरावरच्या एका पेट्रोलपंपाच्या तळघरात. पंपाशी संबंधित आरोपीवर लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची जुनी नोंद होती. इथे तर पोलीस दलांच्या हद्दीचाही प्रश्न नव्हता. दार ठोठावणारं कुटुंब कोण आहे, यावर दार किती उघडायचं ते ठरलं होतं. शोकात सगळे एक झाले, पण तपासाच्या वाटपात सगळे सारखे नव्हते, हे त्या पांढऱ्या मोर्चानंतर बेल्जियमला कळून चुकलं.

यातून बदल काय झाले? मार्च 1998 मध्ये ‘फ्रांशिमों कायदा’ आला. फौजदारी कायद्याचे प्राध्यापक मिशेल फ्रांशिमों यांच्या नावाने तो ओळखला जातो. पीडिताला किंवा त्याच्या कुटुंबाला तपासाची फाइल पाहण्याची मागणी करता येईल आणि अमुक गोष्ट तपासा, अमुक साक्षीदाराला विचारा, अशी लेखी विनंती तपासी न्यायाधीशाकडे करता येईल, ही तरतूद त्याने आणली. याच वर्षी बेपत्ता मुलांसाठी ‘चाइल्ड फोकस’ ही संस्था उभी राहिली. तिच्यामागे त्या आठ वर्षांच्या मुलींपैकी एकीचे वडील होते. पोलीस दलं एकत्र करण्याचं काम मात्र रेंगाळत होतं. 23 एप्रिल 1998 रोजी द्युत्रूने एका पोलिसाची बंदूक हिसकावून नफशातोच्या न्यायालयातून पळ काढला. काही तासांत तो सापडला, पण गृहमंत्री आणि न्यायमंत्री या दोघांनाही राजीनामे द्यावे लागले. महिन्याभरात आठ पक्षांचा करार झाला, आठ हात म्हणून त्याला ‘ऑक्टोपस’ म्हणतात. डिसेंबरमध्ये कायदा झाला, जुनी जांदार्मरी 2001 मध्ये इतिहासजमा झाली आणि स्थानिक व संघीय अशा दोन पातळ्यांची एकात्म पोलीस यंत्रणा आली. खटला? तो उभा राहिला 2004 मध्ये, आर्लोंच्या न्यायालयात. फाइल चार लाख पानांवर गेली होती. 22 जूनला द्युत्रूला जन्मठेप झाली. पहिल्या दोन मुली गेल्या, त्याला तेव्हा नऊ वर्षं उलटायला दोन दिवस कमी होते.

अपहरणाच्या तपासात उशीर एवढा का बोचतो, याला भावनेपलीकडचं कारणही आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या महान्यायवादी कार्यालयाने अपहरणानंतर खून झालेल्या मुलांच्या शेकडो प्रकरणांचा अभ्यास करून 1997 मध्ये एक अहवाल काढला. त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांचा खून अपहरणानंतर पहिल्या तीन तासांतच झाला होता. अर्थात हे आकडे खुनापर्यंत गेलेल्या प्रकरणांचे आहेत. बेपत्ता होणाऱ्या बहुतेक मुलांच्या बाबतीत असं काही घडत नाही आणि मूल सापडतं. पोलिसांची अडचण नेमकी इथेच आहे. ठाण्यात येणाऱ्या शंभर तक्रारींमध्ये रागावून मामाकडे गेलेला मुलगा असतो, परीक्षेला घाबरून पळालेली मुलगी असते, प्रेमप्रकरण असतं. ‘येईल हो संध्याकाळपर्यंत, नातेवाइकांकडे विचारा,’ हे वाक्य ठाणे अंमलदाराच्या तोंडी अनुभवातूनच येतं आणि बहुतेक वेळा खरंही ठरतं. ज्या एका वेळी ते खोटं ठरतं, त्या वेळी ते तीन तास गेलेले असतात.

भारतात या वाक्यावर कायद्याने बंधन घालण्याचे दोन मोठे प्रयत्न 2013 मध्येच झाले. दोन्ही अपहरणाच्या ढिल्या तपासातून जन्मले. ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर 10 मे 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बेपत्ता बालकाच्या प्रत्येक तक्रारीवर एफआयआर नोंदवायचा आणि विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ते अपहरण किंवा मानवी तस्करीचं प्रकरण आहे असंच गृहीत धरायचं. म्हणूनच आज महाराष्ट्रात अल्पवयीन मुलगा घरातून रागावून गेला तरी पोलीस अज्ञात व्यक्तीविरुद्ध अपहरणाचा गुन्हा दाखल करतात. शेजारच्या बातमीत ‘अपहरण’ शब्द वाचून लोक दचकतात, तो याच निकालाचा परिणाम. दुसरा निकाल त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधला, ‘ललिता कुमारी’ या नावाने ओळखला जाणारा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, हे पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यात सांगितलं. वकिलांना हा निकाल तोंडपाठ असतो. तो ज्या याचिकेतून आला ती मात्र फारशी कुणाच्या लक्षात नसते: उत्तर प्रदेशातल्या एका वडिलांची अल्पवयीन मुलगी पळवली गेली होती, ठाण्यात कुणी दाद देईना, वरिष्ठांकडे गेल्यावर गुन्हा नोंदला तरी तपास हलेना.

त्याआधी निठारी घडून गेलं होतं. दिल्लीला लागून असलेल्या नोएडातल्या या वस्तीतली मुलं 2005 पासून एकामागून एक नाहीशी होत होती. पालक बहुतेक मजूर आणि घरकाम करणारे. त्यांना ठाण्यातून हाकलून लावलं जात होतं. डिसेंबर 2006 मध्ये एका बंगल्यामागच्या नाल्यात सांगाडे सापडले तेव्हा लोकांनी स्वतः खोदायला सुरुवात केली. मग तपास एकदम धावू लागला. धावताना काय झालं, ते 2023 मध्ये कळलं: अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष ठरवताना तपासावर कडक ताशेरे ओढले. आधी हात बांधून बसलेली यंत्रणा लोकक्षोभानंतर कबुलीजबाबावर विसंबते, पुरावा गोळा करण्याचं कंटाळवाणं काम मागे पडतं. लोकांच्या दबावाने तपास सुरू होऊ शकतो, पण बोटांचे ठसे आणि पंचनामे लोकांच्या दबावाने नीट होत नाहीत.

राग नेहमी योग्य असतो असंही नाही. ऑगस्ट 2007 मध्ये मुंबईतल्या लोखंडवाला भागात राहणाऱ्या सोळा वर्षांच्या एका मुलाचं खंडणीसाठी अपहरण झालं. बोलणी चालू असतानाच बातमी वाहिन्यांवर झळकली. मुलाचा खून झाला आणि वाहिन्यांनी अपहरणकर्त्यांना बिथरवलं का, यावर पुढे मोठा वाद झाला. खंडणीच्या प्रकरणात पोलीस तोंड मिटून असतात तेव्हा ते काम करत नाहीत असं नव्हे. गप्प राहणं हाच तिथे कामाचा भाग असतो. बाहेरून मात्र बेफिकिरीची शांतता आणि सावधपणाची शांतता सारखीच दिसते. कुटुंबाला विश्वासात घेतलेलं असेल, तरच त्यांना फरक कळतो. या प्रकरणातले आरोपी 2012 मध्ये पुराव्याअभावी सुटले, हे वेगळं दुखणं.

बेपत्ता व्यक्ती सज्ञान असेल तर वर सांगितलेलं 2013 चं गृहीतक लागू होत नाही. तिथे ‘मिसिंग’ दाखल होते, म्हणजे एक नोंद आणि वायरलेसवर संदेश. सज्ञान माणूस आपल्या मर्जीने कुठेही जाऊ शकतो, हे खरंच आहे. या खऱ्या गोष्टीचा आडोसा किती सोयीचा होऊ शकतो, ते महाराष्ट्राने अश्विनी बिद्रे प्रकरणात पाहिलं. नवी मुंबई पोलिसांत सहायक पोलीस निरीक्षक असलेल्या बिद्रे एप्रिल 2016 मध्ये बेपत्ता झाल्या. कुटुंबाने संशय घेतला तो वरिष्ठ पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याच्यावर. अपहरणाचा गुन्हा नोंदवला गेला जानेवारी 2017 अखेरीस, नऊ महिन्यांनी. त्याच महिन्यात, प्रजासत्ताक दिनी, कुरुंदकरला राष्ट्रपती पोलीस पदक जाहीर झालं होतं. अटक डिसेंबर 2017 मध्ये. तोवर खून करून खाडीत टाकलेल्या त्यांच्या अवशेषांचा मागमूस लागणं अशक्य होऊन बसलं होतं. पुढे शोध घेऊनही काही हाती आलं नाही. एप्रिल 2025 मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने कुरुंदकरला जन्मठेप ठोठावली आणि संशयाच्या छायेतल्या अधिकाऱ्याला पदक मिळालंच कसं, असा सवालही केला. बेपत्ता झालेली व्यक्ती स्वतः पोलीस अधिकारी, कुटुंब चिकाटीचं, प्रसारमाध्यमं मागे लागलेली, उच्च न्यायालयापर्यंत धाव घेतलेली. एवढं सगळं असून नऊ वर्षं.

फ्रांशिमों कायद्याशी थोडंफार नातं सांगणारी तरतूद आता आपल्याकडेही आली आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 नुसार तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत तक्रारदाराला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कलम 173 मध्ये झिरो एफआयआर आला, म्हणजे गुन्हा कोणत्याही हद्दीतला असो, जवळच्या ठाण्याला तो नोंदवून घ्यावा लागतो. ठाण्यात नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज करता येतो आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. माणूस कुणीतरी बेकायदा डांबून ठेवला आहे असा संशय असेल, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका करता येते. मुंबई उच्च न्यायालयापुढे बेपत्ता मुलामुलींच्या अशा याचिका नेहमी येतात. तपासी अधिकाऱ्याला तारखेला उभं राहून ‘काय केलंत’ याचं उत्तर द्यावं लागतं, म्हणून वकील हा मार्ग सुचवतात.

नव्वद दिवसांची ही मुदत कागदावर ठीक आहे. पण चौकातल्या दुकानाचा किंवा सोसायटीचा सीसीटीव्ही साधारण पंधरा दिवस ते महिनाभर चित्रण साठवतो आणि डिस्क भरली की जुन्यावर नवं चढवत जातो. त्यामुळे जाणकार वकील कुटुंबाला पहिल्याच दिवशी एक काम सांगतात: घरापासून बसस्टँडपर्यंतच्या ज्या ज्या दुकानांना कॅमेरे आहेत त्यांची यादी करा, ती तपासी अधिकाऱ्याला लेखी द्या आणि अर्जाच्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का व तारीख घ्या.